कोणतं मारू?

‘कास्तकार अडाणी आहे’ हे वाक्य मी आजवर चार माणसांच्या तोंडून ऐकलंय. पहिला पुण्यातला माझा टीम लीड, जो भाजी घेताना ‘ऑरगॅनिक’ असं लिहिलेलं पाकीट शोधतो. दुसरा आमच्या तालुक्याच्या गावातला कृषी केंद्रवाला. तिसरा टीव्हीवरच्या चर्चेत बसलेला एक गृहस्थ, ज्याच्या मते शेतकरी हातमोजे घालत नाहीत म्हणून मरतात. आणि चौथा मी. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना होस्टेलच्या गच्चीवर उभं राहून मी ते माझ्या बाबांना फोनवर म्हणालो होतो.

हा लेख त्या चौथ्या माणसाविरुद्ध आहे. जमलंच तर उरलेल्या तिघांविरुद्धही.

आमचं वावर देवळी तालुक्यात आहे, वर्धा नदीच्या अलीकडच्या बाजूला. पलीकडे यवतमाळ जिल्हा, कळंब, राळेगाव. दोन्हीकडे काळी माती, दोन्हीकडे पराटी अन् तूर, दोन्हीकडे तेच तुडतुडे. सप्टेंबर २०१७ मध्ये एका दुपारी मला बाबांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एका बाटलीचा आणि दोन फाटक्या पाकिटांचा हललेला फोटो. लगेच फोन. ‘पाय बरं, याच्यावर काय लिहिलं हाय ते. डॉक्टर इचारून रायले.’

आमच्या शेतात दरवर्षी फवारणीला येणारे काका सकाळपासून पंप मारत होते. दुपारी त्यांना अंधारी आली. ओकाऱ्या, तोंडाला लाळ, डोळ्यांसमोर धुरकट. बाबांनी त्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागून एकाला धरायला लावून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय फवारलं? बाबा म्हणाले, एक बाटली, एक पाकीट अन् एक टॉनिक. नाव? नाव ठाऊक नव्हतं. रिकामी बाटली धुऱ्यावरून आणायला कोणाला तरी परत पाठवावं लागलं.

मी फोटो मोठा केला. कंपनीचं नाव दिसलं, हिरवंगार बोंड दिसलं, नाचणारी अक्षरं दिसली. आतल्या विषाचं नाव म्हणजे पिक्सेलचा चुरा. मी पुन्हा फोटो मागितला. दुसरा आला, तोही तसाच. तिसऱ्यात एका पाकिटावरचं ‘अ‍ॅसिफेट’ वाचता आलं. मी ते फोनवर ओरडून सांगितलं, आणि मग म्हणालो, ‘बाबा, इतके अडाणी कसे तुम्ही? काय मारतोय तेही माहीत नाही?’

पलीकडून काही उत्तर आलं नाही. काका वाचले. त्यांनी पुन्हा पंप पाठीला लावला नाही. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, आणि पुढच्या वर्षी दुसरा माणूस लावला.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. या विषयावर मी कुठल्या उंचीवरून बोलतोय ते आधीच कळलेलं बरं.



आता विषाबद्दल बोलू.

पराटीवरच्या किडींचे ढोबळ दोन गट. एक बोंडं पोखरणाऱ्या अळ्या. दुसरा पानातला रस ओढणाऱ्या किडी: मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी. २००२ मध्ये बीटी कापूस आला तो पहिल्या गटासाठी. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यावर काम करतं. तुडतुड्याला त्याने काही होत नाही. बियाण्याच्या पाकिटावर अळीचं चित्र होतं, लोकांनी त्याचा अर्थ ‘कीड’ असा घेतला.

रस ओढणाऱ्या किडी पानाच्या खालच्या बाजूला बसतात, वरून मारलेलं स्पर्शजन्य औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून त्यांच्यासाठी आंतरप्रवाही कीटकनाशकं वापरतात. म्हणजे विष झाडावर बसत नाही, झाडात शिरतं. मुळातून किंवा पानातून आत जातं, रसाबरोबर फिरतं, आणि किडीने सोंड खुपसली की तिच्या पोटात जातं. कल्पना हुशार आहे, यात शंका नाही. जुन्या पिढीतली मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, अ‍ॅसिफेट ही अशीच. नव्या पिढीतली इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रिड, क्लोथियानिडिन. या नव्यांना निओनिकोटिनॉइड म्हणतात, कारण त्यांचं काम तंबाखूतल्या निकोटिनसारखं आहे. किडीच्या मज्जातंतूत निकोटिन जिथे जाऊन बसतं, तिथेच ही बसतात.

ही नवी विषं जुन्यांपेक्षा माणसाला पुष्कळ कमी घातक आहेत, हे मी मान्य करतो. बियाण्याला लावलेलं इमिडाक्लोप्रिड सुरुवातीचा महिनाभर रोपाला सांभाळतं, त्या काळातल्या फवारण्या वाचतात, मित्रकीटकही वाचतात. ‘सगळं रासायनिक वाईट’ म्हणणाऱ्या माझ्या पुण्यातल्या मित्रांनी एकदा ऑगस्टमध्ये आमच्या वावरात यावं आणि तुडतुड्याने कडा पिवळ्या होऊन वाटीसारखी वळलेली, मग लाल पडत गेलेली पानं बघावीत. गावात त्याला ‘लाल्या आला’ म्हणतात. लाल्याची कारणं आणखीही आहेत, पण तुडतुडा हे त्यातलं मोठं कारण. वर्षाची कमाई डोळ्यांसमोर लाल होताना कोणीही दुकानाकडे धावेल. माझे बाबा धावले तर त्यात अडाणीपणा नाही.

अडाणीपणा दुसरीकडे आहे, आणि तो व्यवस्थित बांधून काढलेला आहे.



दुकानाच्या काउंटरवर एकच प्रश्न विचारला जातो: ‘कोणतं मारू?’

हा प्रश्न जगातला कुठलाही आजारी माणूस डॉक्टरला विचारतो. पण इथे डॉक्टर नाही. इथे औषध विकणाराच औषध सांगतो. ज्याला जास्त बाटल्या विकून जास्त कमिशन मिळणार आहे, ज्याच्याकडे आपली बियाण्याची आणि खताची उधारी आहे, ज्याच्यावर कंपनीचं टार्गेट आहे, तोच ठरवतो की आपल्या पराटीला काय झालंय. पान बघायला तो वावरात येत नाही. वर्णन ऐकतो, किंवा आता फोटो बघतो, आणि तीन वस्तू काउंटरवर ठेवतो. एक किडीचं, एक बुरशीचं, एक ‘टॉनिक’. तिन्ही एकाच पंपात घाला. चिठ्ठी कच्ची. मी दुकानदाराला खलनायक म्हणत नाही. त्याच्या जागी कोणालाही बसवा, तो हेच करेल. खोट माणसात असती तर माणूस बदलून काम झालं असतं.

आता बाटलीकडे बघू. बियाणं आलं ते आधीच इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावून, रंगीत. चाळीस दिवसांनी तुडतुडे दिसले. दुकानदाराने एक बाटली दिली, आत इमिडाक्लोप्रिड. पंधरा दिवसांनी पुन्हा तुडतुडे. बाबा म्हणाले, ‘याने काही झालं नाही, दुसरं द्या.’ दुसरी कंपनी, दुसरा रंग, दुसरं नाव. आत थायामेथोक्झाम. तिसऱ्या वेळी अ‍ॅसिटामिप्रिड. बाबांच्या मते त्यांनी तीन वेगवेगळी औषधं वापरली. तुडतुड्याच्या मते त्यांनी एकच औषध चार वेळा वापरलं. ही सगळी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एकाच गटातली आहेत, गट ४-ए. मज्जातंतूत एकाच जागी बसणारी. एकाला सरावलेली कीड दुसऱ्यालाही बरीचशी सरावलेली असते. जे तुडतुडे पहिल्या वेळी वाचले, त्यांचीच पोरंबाळं पुढच्या फवारणीला हजर असतात.

हा ‘४-ए’ बाटलीवर मोठ्या अक्षरात असता तर सातवी पास माणूसही म्हणाला असता, ‘मागच्या वेळी ४-ए दिलं, आता दुसरा आकडा द्या.’ ऑस्ट्रेलियात लेबलवर गट ठळक छापतात. आमच्याकडे कंपनीचं नाव ठळक छापतात.

भारतात काय ठळक छापायचं याचाही नियम आहे. कीटकनाशक कायदा १९६८चा, नियम १९७१चे. बाटलीवर तिरका उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण रंगीत: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी. हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान एक-सोळांश असावा, असं नियम सांगतो. उरलेल्या पंधरा भागांत बाकीचा मजकूर, आणि बोंडं. शिवाय हिरवा रंग आपल्याला काय सांगतो? जा. सिग्नलवर आपण तेच शिकलोय. गावातही लोक म्हणतात, ‘हिरव्याचं काही होत नाही.’ हिरव्याचा नियमातला अर्थ ‘कमी विषारी’ एवढाच आहे. आणि हा रंग ठरतो तो त्या विषाच्या एका ठरावीक मात्रेवरून. सप्टेंबरच्या दमट उन्हात, डोक्याच्या वर गेलेल्या पराटीत, तीन औषधं मिसळून, आठ तास अंगावर तुषार घेतल्यावर काय होईल हे तो रंग सांगत नाही. ते सांगायला तो बनवलेलाच नाही.

मी सॉफ्टवेअर बनवतो. आमच्या धंद्यात एक साधी समज आहे: एका माणसाने चुकीचं बटण दाबलं तर त्याची चूक, हजार लोकांनी दाबलं तर बटणाची. आम्ही हजार लोकांना ‘जनजागृती शिबिरा’ला पाठवत नाही. बटण हलवतो.



२०१७च्या त्या हंगामात नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते, अनेकांचे डोळे अधू झाले. विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन यांसह पाच प्रकारच्या कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली. साठ दिवसांची. यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत. म्हणजे अमरावती विभागात. वर्धा नागपूर विभागात येतो, म्हणून वर्ध्यात नाही. नदीच्या पलीकडे जे विष होतं ते अलीकडे औषध राहिलं. आमच्या काकांच्या अंगावर गेलेलं अ‍ॅसिफेटही. आणि नोव्हेंबरपर्यंत फवारणीचा मुख्य हंगाम सरत आलेला असतो, हे कापूस पिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

त्या वेळी सगळ्यात जास्त चर्चा झाली ती हातमोज्यांची. शेतकऱ्यांनी मास्क लावला नाही, गॉगल घातला नाही, वाऱ्याची दिशा बघितली नाही. सगळं खरं. आता तुम्ही ऑगस्टच्या दुपारी प्लास्टिकचा अंगरखा, रबरी हातमोजे, गॉगल आणि मास्क घालून, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन, चिखलात एक एकर चालून दाखवा. पंपामागे ठरलेल्या पैशात. जितके पंप तितके पैसे, म्हणून जितकं भरभर तितकं बरं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची कीटकनाशकांबाबतची जागतिक आचारसंहिता आहे. तिच्यात साफ म्हटलंय की जी कीटकनाशकं हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत. म्हणजे जगाने मान्य केलेलं तत्त्व असं: साधनं वापरता येत नसतील तर ते विषच तिथे नको. आपण ते उलटं करून घेतलं: विष राहील, माणसाने सुधारावं.

मोनोक्रोटोफॉसचंच बघा. २००५ मध्ये भाजीपाल्यावर बंदी घातली, बाकी पिकांवर चालू ठेवलं. जणू बाटलीला कळतं की समोर वांगं आहे की पराटी. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून ते २३ मुलांच्या पोटात गेलं, ती मुलं मेली. तरी चालू. २०१७ गेलं. तरी चालू. २०२३ मध्ये त्याच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश निघाला, तोही दुकानातला माल मुदतीपर्यंत विकायची मुभा ठेवून. माल वाया जाऊ नये, एवढी काळजी मात्र घेतली.



‘मग बीटीमुळे फवारणी कमी झाली, त्याचं काय?’ झाली होती. सुरुवातीची काही वर्षं अळीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. केशव क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक. त्यांनी आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये वीस वर्षांच्या आकड्यांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षा जास्त खर्च करतो. रस शोषणाऱ्या किडींनी नव्या विषांना दाद देणं बंद केलं, आणि गुलाबी बोंडअळीने बीटीलाही.

यात आणखी एक गोष्ट आहे जी काउंटरवर कधी निघत नाही. आपल्या जुन्या देशी कापसाला तुडतुड्यांचा त्रास कमी. ज्या वाणांच्या पानांवर लव जास्त, त्यांवरही तुडतुडा कमी टिकतो. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी मुंबईच्या बाजारात गावाच्या नावाने विकला जायचा, तो देशीच. आज आपल्या नव्वद टक्क्यांहून जास्त रानात संकरित बीटी आहे, आणि त्यातले कितीतरी वाण तुडतुड्याला जेवणाचं आमंत्रण आहेत. संकरित बियाणं दरवर्षी नवीन घ्यावं लागतं. सरळ वाणाचं बियाणं कास्तकार घरी ठेवू शकतो. बाजारात काय मुबलक असेल हे यावरून समजून घ्या. म्हणजे आधी किडीला आवडणारं झाड विकायचं, मग कीड मारायचं विष विकायचं, मग विषाने काम केलं नाही की दुसऱ्या रंगाची बाटली विकायची, आणि माणूस पडला की म्हणायचं, अडाणी आहे.

माझ्या क्षेत्रातले लोक या जागी लगेच म्हणतात, अ‍ॅप बनवू. मीही बनवलंय. कॉलेजच्या स्पर्धेत पानाचा फोटो ओळखून कीड सांगणारं. बक्षीसही मिळालं. ते अ‍ॅप शेवटच्या स्क्रीनवर काय दाखवायचं माहितीये? विकत घ्यायच्या औषधाचं नाव. म्हणजे मी कृषी केंद्रच बनवलं होतं, फक्त काउंटर काचेचं. आज असले अ‍ॅप ढिगाने आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच आहे.

मला काय हवंय ते साधं आहे. घटकाचं नाव आणि गटाचा आकडा कंपनीच्या नावाएवढ्या मोठ्या अक्षरात, मराठीत, समोरच्या बाजूला. पक्कं बिल, त्यावर घटक. सल्ला देणाऱ्याला विक्रीत वाटा नाही. एका पंपात तीन विषं मिसळायला सांगणं हा गुन्हा. बंदी जिल्ह्याच्या हद्दीवर थांबणार नाही. आणि फवारणारा माणूस, ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, बिलावर नाही, आणि आजारी पडला तरी बहुतेकदा कुठल्या कागदावर येत नाही, त्याला सकाळी पंप उचलण्याआधी आज आत काय आहे ते सांगितलं जाणं हा त्याचा हक्क. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही.



गेल्या पावसाळ्यात बाबांचा फोन आला. ‘पराटीवर तुडतुडे दिसून रायले. कोणतं मारू?’

मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, बाबा, आधी मोजा. वीस झाडं निवडा, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं असं तीन पानं उलटून बघा. सरासरी पानामागे दोन तुडतुडे असतील तरच फवारायचं. युरिया जास्त झाला असेल तर तो थांबवा. कमी असतील तर निंबोळी अर्क.

बाबा जरा थांबून म्हणाले, ‘माझं डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना बे. मंग तू ये अन् मोज.’

शनिवारी गेलो. मोजायला दोन तास लागले. तुडतुडा तिरपा पळतो, पान उलटलं की दुसऱ्या बाजूला जातो. पन्नाशी-साठीच्या माणसाने डवरणी, निंदण सांभाळून हे दर आठवड्याला करायचं, असं कुठल्या तरी पुस्तिकेत लिहून आपण मोकळे होतो. सरासरी दोनच्या वर आली. म्हणजे फवारायला हवं होतं. फवारलं. या वेळी ४-ए नको म्हणून दुसऱ्या गटातलं फ्लोनिकामिड मागितलं. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि दिलं. टॉनिक घेतलं नाही.

घरी आल्यावर मी काळा मार्कर काढला आणि पाकिटावर घटकाचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली तारीख. मग फवारायला आलेल्या पोराच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून दिला. त्याने विचारलं, ‘हे काहून जी?’ मी सांगितलं, काही झालं तर डॉक्टरला हे दाखव. तो हसला. बाबा हसले नाहीत.

त्या मार्करला दहा-वीस रुपये पडले. कोट्यवधी बाटल्या छापणाऱ्यांना तीच शाई पैशांतही मोजता येणार नाही इतकी स्वस्त पडेल. ती त्यांनी का लावली नाही, आणि लावायला त्यांना कोणी का भाग पाडलं नाही, हे आता त्यांना विचारायचं आहे. बाबांना विचारून झालं. बाबांना मी चुकीचा प्रश्न विचारला होता.